चौदा नंबरच्या दाराशी

बुधवारी बोर्ड बसतं ओरोसला.
देवगडहून पहाटेची एसटी, कणकवलीला बदलायची.
बायकोनं डबा दिला, आधारकार्डाच्या तीन झेरॉक्स,
आणि शर्टाची उजवी बाही वर दुमडून
टाचणी मारली. दिसाक व्हया, म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरनं टेप लावली.
कोपराखाली किती उरलंय ते सेंटिमीटरमध्ये.
ट्रॉलरवर? हो.
विंचमध्ये? हो.
विंच कोण चालवत होतं? भाचा माझा.
हे काही त्यानं लिहिलं नाही. रकाना नसेल.
डाव्या हातानं सही केली तर छान म्हणाला.
माणूस चांगला.

पासष्ट टक्के.

म्हणजे पस्तीस टक्के मी धडधाकट आहे,
गोल शिक्क्यानिशी.

हे पस्तीस टक्के रात्री दोनला उठून बसतात.
नसलेल्या मुठीत दोर आवळत जातो
आणि बोटं, जी बंदरातच कुणी तरी बर्फात घालून ठेवली होती,
ती सोडत नाहीत.
जेटीवर मी जात नाही. डिझेलचा वास आला की
सड्यावरून लांबचा फेरा मारतो, भर उन्हात.
भाचा घराकडे फिरकत नाही
आणि मी बोलावतही नाही.
आमच्या विहिरीचा दोर बायकोनं श्रावणात काढला.
मोटर बसवणार, म्हणाली.
शिमगा आला. मोटर नाही,
ती शेजारच्या विहिरीवरून पाणी आणते,
आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

कागद घेऊन निघालो होतो.
चौदा नंबरच्या बाहेर बाक रिकामा दिसला, वर पंखा.
टेकलो.

शेजारी आचऱ्याची एक बाई, धाकट्या भावाला घेऊन.
भाऊ नीट भांग पाडून आलेला.
ती त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढते,
तो लावतो.
ती पुन्हा काढते.
"उल्हास, जास्ती बोला नको. वार इचारलो तर गप रव."
"बुधवार," तो म्हणतो. "चतुर्थी काल झाली."
मागच्या खेपेला त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली,
पस्तीस मिळाले.
चाळीसच्या खाली पेन्शन नाही.
वर्षभर त्याला आंघोळीला लावते,
जेवला की शाबास म्हणते,
आणि आज दाराशी बसून
सगळं उलटं शिकवते आहे. तोंड भिंतीकडे करून.

मला तिच्याकडे बघवेना.
मी टाचणी काढली, बाही खाली सोडली.
ती पंख्याखाली हलत राहिली.

नर्सबाई पॅड घेऊन आल्या.
"तुमचो नंबर लावचो आसा?"
नाय, म्हटलं. हंय वारो बरो लागता.

त्या गेल्या नाहीत.
माझ्या बाहीकडे नाही,
तोंडाकडे बघत होत्या.
पेनाचं टोपण काढलेलं.

एक दहाची गाडी सुटली असणार.
उल्हासनं बटण लावलं.