शेऱ्याचा रकाना

पवननगरच्या मागच्या गल्लीत, रो-हाऊसच्या खालच्या मजल्यावर
विजूताई गांगुर्डेंचं पाळणाघर.
पाटी रंगवणाऱ्यानं 'चिमणपाखरं'चा अनुस्वार गिळलाय,
पण तो दोष माझ्या तक्त्यात बसत नाही.
दाराशी सतरा चपला. मुलं नऊ.
अठरावी कुत्र्यानं नेली,
हे मी उंबरा ओलांडायच्या आत तिघांनी सांगितलं.

पिशवीतून काढते टॉर्च, टेप,
क्लोरीनची कुपी, थेंबांची बाटली.
नळाचं पाणी, त्यात दोन थेंब,
पाणी पिवळं होतं.
मुलं एका सुरात म्हणतात, शू!
विजूताई डोळे वटारतात.
मी लिहिते: आहे.

टाकीला झाकण: आहे, वर वीट.
ओगराळं: आहे, लांब दांड्याचं.
"नखं," म्हणायचा अवकाश,
अठरा हात पालथे पुढं येतात,
एकावर मेंदीचा उरलेला चंद्र,
एक हात परत मागं जातो, पाहतो, पुन्हा येतो.

पाळणे दोन. मधलं अंतर
तक्ता मागतो तीन फूट,
टेप म्हणते सव्वादोन.
"सरकवू?"
सरकवला तर कपाट उघडत नाही,
आणि कपाटात लंगोट.
'लागू नाही' लिहायचा मोह होतो.
लिहीत नाही.

सकाळी सहाला, अंधारातच,
अंबडच्या पहिल्या पाळीच्या आया इथं मुलं सोडतात,
झोपलेली, कानटोपीसकट,
आणि जाऊन बसतात स्विच जोडत
दुपारी अडीचपर्यंत.
हे विजूताई सांगत नाहीत,
भिंतीवरच्या वहीत आहे:
नाव, वेळ, कुणाला ताप, कोण रात्री रडलं.

कुणाच्या मामानं पिंपळगावहून द्राक्षांची पेटी पाठवलीय.
मिठाच्या पाण्यातून काढून
विजूताई एकेक मणी उभा चिरतायत,
बी नसलेलाही.
एवढं कशाला, म्हटलं,
तर त्यांनी नुसता स्वतःच्या गळ्याला हात लावला
आणि पुढचा मणी घेतला.

मग फ्रिज.
दुधाची तारीख ठीक, दार पुसलेलं, रबर पुसलेलं.
मागचा ट्रे ओढला, टॉर्च मारला:
बोटभर पाणी,
आणि पाण्यात स्वल्पविराम,
उलटे टांगलेले, वळवळणारे.

"अळ्या आहेत."
"रोज पुसते हो मी. रोज.
हे मागं असं काही असतं, हेच मला..."
वाक्य तिथंच राहिलं.
तोवर नऊच्या नऊ मुलं पोटावर पालथी,
हनुवट्या फरशीला.
कार्तिकी म्हणाली, यांची आई कुठंय?
अदनान म्हणाला, कामावर.
"कधी येणार?"
"अडीचला."

मला डासाच्या मादीविषयी सगळं माहीत आहे.
ती परत येत नसते, हेही.
मी काही बोलले नाही.
ट्रे उचलला, अंगणातल्या तापल्या मातीवर उपडा केला,
मुलं पाहत राहिली
ओला डाग लहान होताना.

सात दिवसांत पूर्तता करावी.
विजूताईंची सही 'जू'पाशी जरा अडखळली.
कार्बनखालची प्रत त्यांना, वरची मला.
निघताना अदनाननं वाट अडवली:
तू हात धुतले?
नव्हते धुतले.
स्टुलावर ठेवलेल्या साबणानं,
माझ्या गुडघ्याएवढ्या बेसिनला वाकून,
धुतले, नऊ जणांच्या देखरेखीखाली.
"बोटांच्या मधे पण," कुणीतरी म्हणालं.

रात्री जेलरोडला, भांडी झाल्यावर,
मोबाइलचा उजेड धरून
माझ्या फ्रिजच्या मागं हात घातला.
अकरा वर्षांत न ओढलेला ट्रे,
आधी हलेचना.
मग हलला.

इथंही होते. थोडे कमी.

गॅलरीतल्या तुळशीला ते पाणी घालवेना,
जिना उतरून खाली गेले, रस्त्याकडेच्या मातीत ओतलं.
सामान्य प्रशासनाला उद्या द्यायची प्रत
टेबलावर होती,
शेऱ्याचा रकाना कोराच.
बराच वेळ पेन हातात धरून बसले.
मग लिहिलं:
द्राक्षं चिरून देतात.