पुढचं पान

अंगठ्याला नखुरडं झालं,
आठ दिवस मला कात्री धरता येईना.
राजव्वा म्हणाली, तू वाच.
तुझ्या हजार आम्ही पाचजणी वाटून घेतो.
मग साखर पेठेतल्या वाचनालयातून
शंभर रुपये डिपॉझिट ठेवून आणली
एक रहस्यकादंबरी. मुखपृष्ठावर सुरा,
सुऱ्यावर थेंब, थेंबात एक बाई.

विडी घरकुलात दुपारी अडीचला
पत्रा तापून टकटक वाजतो.
पंखा लावला तर सुपातला जर्दा उडतो,
म्हणून पंखा बंद.
पहिल्याच पानावर खून झाला.
राजव्वानं विचारलं,
मेला तो जेवला होता का?

पुस्तकात नव्हतं.

एवढंच होतं : शेठजी श्रीमंत होते.
बायको सुंदर होती. पुतण्या व्यसनी होता.
डिटेक्टिव्ह हुशार होता, आणि तो हुशार आहे
असं दर चार पानांनी कुणीतरी म्हणत होतं.
सुंदर म्हणजे कशी, अनसूया यन्नम विचारी,
आपल्या ब्रँचच्या मॅडमसारखी,
का बोल्लींच्या थोरल्या सुनेसारखी,
हसली की दात झाकणारी?
नुसती सुंदर, मी म्हटलं.
आणि व्यसन कसलं?
नुसतं व्यसन.
दातानं दोरा तोडत ती म्हणाली,
मग ह्याच्या विड्या कोण वळतं?

एक नोकर होता. रामू. आडनाव नाही.
तो दार उघडायचा आणि चहा ठेवून जायचा.
कुठला गं हा, चंद्रम्मानं विचारलं,
आणि मला पुन्हा नाही म्हणवेना.
वळसंगचा, मी म्हटलं.
आई आहे, तिला कमी दिसतं.
डावा गुडघा वाजतो, दोन घरांपलीकडे ऐकू येईल असा.
शेठच्या उरलेल्या चहात भाकरी बुडवून खातो.
लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत हरवला होता,
तेव्हापासून गर्दीत भिंतीच्या कडेकडेनं चालतो.
पापम्, म्हणाली चंद्रम्मा.

हे सगळं भिवंडीला गेलेल्या माझ्या भावाचं होतं.
कुणी ओळखलं नाही.
किंवा ओळखलं, आणि पानं कातरत राहिल्या.

मग रोज तोच. शेठ गेला बाजूला.
आज रामूनं काय केलं?
मी पुस्तकातून दार उघडायचे, चहा ठेवायचे,
आणि मधल्या मोकळ्या जागेत
त्याला पत्र यायचं, त्याची दाढ दुखायची,
त्याला पगारात वीस रुपये कमी मिळायचे.

गुरुवारी, पान एकशे ब्याण्णव.
डिटेक्टिव्हनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं,
सिगार पेटवला, बोट दाखवलं :
खुनी रामू. का? पैशासाठी.
एवढंच. एका ओळीत.

पाच सुपं थांबली.
चंद्रम्माच्या हातातली विडी
अर्धी वळलेली तशीच उलगडली.
राजव्वा म्हणाली, वेडा आहे का हा लिहिणारा?
जिना चढताना गुडघा वाजला नसता?
शेठ जागा झाला नसता?
वाच, पुढचं पान वाच.

पुढचं पान कोरं होतं.
त्याच्या पुढच्यावर त्याच लेखकाच्या
आणखी चौदा पुस्तकांची यादी.

राजव्वानं पुस्तक घेतलं,
चेकर विडी दाबून बघतो तसं
दोन बोटांत दाबून बघितलं.
पान बरं. दोरा बरा.
आत जर्दाच नाही.
छाट, म्हणाली, आणि सुपाबाहेर ठेवलं.

नखुरडं बरं झालं. हजार पुन्हा माझ्या मला.
वाचनालयानं डिपॉझिटमधून चार रुपये कापले,
जर्द्याचा वास येतो म्हणाले.
खुनी कोण, ते अजून ठरलेलं नाही.
अनसूयाला डिटेक्टिव्हचाच संशय आहे :
एवढा हुशार, तर खुनाच्या रात्री होता कुठं?

कधी कट्टे बांधता बांधता
कुणीतरी मान वर न करता विचारतं,
रामूचं काय झालं गं पुढं?
जामीन झाला, मी सांगते.
गुडघा दाखवायला सिव्हिलला गेलाय.
रांग मोठी आहे.