विशेषणं

पाटी लापाचोच्या लाकडाची.
रंधा मारला पणजोबा एपिफानियो कान्येते यांनी,
व्हियारिकात, पक्ष नवा होता तेव्हा.
निळ्यावर पांढरे दोनच शब्द:
पक्ष. उदारमतवादी.

आमच्या स्पॅनिशमध्ये विशेषण नामाच्या मागून चालतं,
बैलगाडीमागून कुत्रं चालावं तसं.
पणजोबांनी उजवीकडे वीतभर जागा मोकळी सोडली होती.
शोभेसाठी, म्हणायचे.

माती इथली लाल.
तांबड्या रुमालवाल्यांना प्रचार करावाच लागत नाही,
पावसानंतर नुसतं अंगणात चालून आलं
तरी पाय त्यांचे होतात.
आमच्या वाट्याला आभाळ आलं,
आणि ते कुणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

एकोणीसशे चारला होड्यांतून बंदुका आल्या
आणि आम्ही सरकार झालो.
मग बावीस साली निळ्यांनी निळ्यांवर गोळ्या झाडल्या.
दोन्ही बाजूंना तोच रुमाल.
आजोबा सांगत, गाठ डावीकडे की उजवीकडे
एवढंच बघायचं, आणि तेवढ्याला वेळ मिळायचा नाही.
त्यांचा भाऊ गाठ बांधता बांधताच गेला.

आई गुआरानीत म्हणायची: होव्ही.
हा शब्द निळ्याला चालतो, कोवळ्या हिरव्यालाही चालतो.
म्हणून घरात भांडण नसायचं.
भांडायचं झालं की बाबा स्पॅनिश बोलायचे.

पक्षावर बंदी आली.
सत्तेचाळीसच्या लढाईनंतर बाबा रात्री नदी ओलांडून
क्लोरिंदाला गेले. सोबत ब्रश, रॉकेलची बाटली.
तिथे त्यांनी खाटकांच्या पाट्या रंगवल्या,
गाईच्या अंगावर तुकड्यांच्या रेषा आखल्या:
इथून मांडी, इथून बरगडी.
हाताला सवय होतीच, म्हणाले.

इकडे आईनं पाटी खुराड्याला लावली,
अक्षरं आतल्या बाजूला.
चाळीसेक वर्षं उदारमतवाद फक्त कोंबड्यांनी वाचला.
शेजारच्या दोन्या उर्सिनाला ठाऊक होतं.
ती तांबडी, तिचा जावई पोलिसात.
अंडी न्यायला यायची, आत वाकून बघायची,
आणि म्हणायची, दार घट्ट आहे हो तुमचं.
कधी बोलली नाही कुठे.
ती गेली तेव्हा बाबांनी तिच्या क्रुसावर
फुकट नाव लिहिलं, तांबड्यात.

राजधानीत मधल्या काळात काही जण
सरकारच्या परवानगीनं विरोधक झाले.
परवानगी न मिळालेले म्हणाले, आम्ही जहाल.
मग जहालांनाही परवानगी मिळाली,
तेव्हा उरलेले म्हणाले, आम्ही अस्सल.
प्रत्येक वेळी कुणीतरी चोरून यायचं,
बाबांना कागदावर नवं नाव द्यायचं,
आणि बाबा, एव्हाना परतलेले, हात थरथरणारे,
कंदील घेऊन खुराड्यात शिरायचे.
सोडलेली जागा "जहाल"नंच संपवली होती.
"अस्सल"साठी फळी जोडावी लागली. पाइनची. हलकी.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत एका रात्री तोफा वाजल्या
आणि सकाळी म्हातारा हुकूमशहा नव्हता.
त्याला हटवणारेही तांबडेच होते, पण असो.
मी पाटी काढली. तीन दिवस विष्ठा खरवडली.
खाली पणजोबांचा निळा निघाला, माझ्याकडच्या कुठल्याच डब्यात नसलेला.
कोरी पाटी म्हणतात ती मी अजून पाहिलेली नाही.

आता ती कचेरीवर आहे. जोड दिसतो.
लापाचो तसाच आहे, पाइनला वाळवी लागली.
परवा बेनिग्नो वकील आला, तरुण, छान बूट,
म्हणाला, आमच्या गटाचं नाव ठरतंय,
आणखी एक शब्द बसेल का?

मी टेप लावून दाखवली.
पुढे भिंत संपते, वकीलसाहेब. मग गल्ली आहे.

शिवाय मी अक्षरामागे पैसे घेते.
"अस्सल"ची उधारी बाबांच्या वहीत तशीच आहे,
निळ्या शाईत,
नाव आणि तारखेसकट.