खालचे ऐंशी

मी कंत्राटी. हुद्दा डेटा ऑपरेटर.
पाणीपुरवठ्याचे आकडे माझ्याकडं येतात
आणि मी त्यांना खांब करून उभं करते.

साहेब म्हणाले होते, वाढ जरा उठून दिसू दे.
आकडे खोटे नकोत. दिसणं तेवढं बघ.
म्हणून मी उभी रेघ ऐंशीपासून सुरू केली.
गेल्या सालचे ब्याऐंशी, पेराएवढा खांब.
यंदाचे अठ्ठ्याऐंशी, कागदाच्या छताला टेकलेले.
एकही आकडा खोटा नव्हता,
हे मी जिना चढतानाही स्वतःला सांगत होते,
प्रोजेक्टर काखेत धरून.

भद्रावती पेठेतलं समाजमंदिर, मे महिना.
पंखा फिरत होता, म्हणजे नुसताच फिरत होता.
पस्तीस-चाळीस बायका, निम्म्यांच्या मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, पानावरची कात्री थांबली नाही.
भिंतीवर माझे दोन निळे खांब.

लई वाढलं की गं पाणी, पुढून कुणीतरी म्हणालं.
मग तीच बाई, हळू आवाजात,
आमच्याकडं तर अजून पाचव्या दिवशीच येतंय.
तिनं खांबाकडं पाहिलं, आपल्या हातांकडं पाहिलं
आणि चूक स्वतःच्या पदरात घेतली.
मला बाई असलं वाचता येत नाही, म्हणाली.

पुढचं चित्र गोल होतं.
ही भाकर कुणी मोडली? नागमणी यमूलनी विचारलं,
आणि हा बारका तुकडा आपल्या पेठेचा का?
हो, म्हटलं.
सगळ्या हसल्या. चतकोरसुद्धा नव्हता तो.
रोज वाटणी करणाऱ्या बाईला
कोन शिकवावा लागत नाही.

मागं भिंतीला टेकून सत्तय्या दुडम.
चादरींची नक्षी काढण्यात चाळीस वर्षं गेलेली,
चौकटीच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे एक धागा,
मग त्यावरून जकार्डच्या पत्त्यांना भोकं.
कारखाना बंद पडला, मोजायची खोड राहिली.
ते उठले, भिंतीपाशी आले,
त्यांची सावली माझ्या खांबांवर पडली.
बोटानं मोजत मोजत खाली उतरले
आणि खांब संपला तिथं बोट थांबलं.

ह्याच्या खालचं कुठं गेलं गं, अम्मा?

खालचे ऐंशी दोन्हीकडं सारखेच आहेत काका, म्हणून...

सारखं आहे म्हणून कापतात व्हय?
मोराचे पाय कापून मी नुसता तुरा विणला
तर गिऱ्हाईक म्हणंल, केवढा मोठा तुरा!

कात्र्या थांबल्या.
मला घाम आला तो उकाड्याचा होता, असं म्हणू.

त्यांनी माझ्या हातातला कागद मागितला,
घेतला, आणि पहिल्यांदा उलटून पाहिला.
चादर उलटली की तोच मोर दिसतो,
फक्त रंग अदलाबदल झालेले.
कागदाची मागची बाजू कोरी.
कोरंच आहे की, ते म्हणाले, जरा नाराजीनं,
आणि बॉलपेननं तिथं पाच चौकोन काढले.
चार मोकळे ठेवले. पाचवा भरला, गच्च.
मग चौथ्या चौकोनाखाली एक टिंब.

नागमणींनी सूप बाजूला न करता मान वाकवली.
म्हणजे उद्याच, त्या म्हणाल्या.
चारला उठायला पाहिजे.
कुणी त्यांना काही समजावून सांगितलं नव्हतं.

रात्री मी शून्यापासून पुन्हा काढलं.
दोन उंच खांब, शेजारी शेजारी,
फरक विडीच्या जाडीएवढा.
साहेब म्हणाले, ह्यात तर काही दिसतच नाही.
कंत्राट जूनमध्ये वाढायचं होतं.
अहवालात ऐंशीवालाच गेला.

दुसरी फाइल आहे अजून माझ्याकडं.
नाव दिलंय, मोर पायांसकट.