बर्फाचं पाणी

झाकण लगेच उघडायचं नाही.
आधी टाकीला कान लावायचा.
आत पेट्रोल खदखदत असेल, चुलीवर आधण आल्यासारखं,
तर हात मागे घ्यायचा, सावली शोधायची
आणि येतील तेवढ्या शिव्या मनातल्या मनात देऊन घ्यायच्या.
हे मला एवारिस्तोनं शिकवलं.
त्याच्या डाव्या भुवईवर केस नाहीत.
का, ते विचारू नका.

माझं नाव न्येवेस.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ हिम.
बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, ऑगस्टमध्ये,
हिम नावाची बाई मोटरसायकलवरून औषधं पोचवते
यावर नाक्यावरचे शिपाई
दर आठवड्याला नव्यानं हसतात.

गाडी अडीचशे सीसीची, कधीकाळी निळी.
धुराचा पाइप इंजिनातून निघतो तो
टाकीच्या पोटाला अगदी बिलगून जातो,
जसा काही दोघांचा जुना संसार.
एवारिस्तोनं तो मोडला.
कॉफीच्या पुड्या उसवून, चंदेरी बाजू इंजिनाकडे करून
टाकीखाली चिकटवल्या, थरावर थर.
पाइपाला काचतंतूंची पट्टी गुंडाळली,
ती ओली करून गुंडाळायची, नाहीतर हात रात्रभर खाजतात.
पेट्रोलची नळी सिलिंडरपासून दूर, वळसा घालून नेली.
म्हणाला, टाकी अर्धी ठेवून निघू नकोस,
थोडं असलं की लवकर तापतं.
माणसांचंही तसंच असतं, असं काही तो म्हणाला नाही.
तो त्यातला नव्हेच.
म्हणाला, कॉफी जास्त पीत जा, पुड्या लागतील.

मंगळवारी टाकी अर्धीच होती.
पिंपातून पेट्रोल विकणारी रेमेदिओस
पुतणीच्या लग्नाला गेली होती, कुलूप लावून.
पहाटे निघायचं ते निघाले नऊला.
कोरड्या ओढ्याची भुसभुशीत वाळू,
पहिला गिअर, क्लचचा करपट वास,
वारा पाठीमागून, माझ्याच वेगानं,
म्हणजे नसल्यातच जमा.
कार्दोन निवडुंगांच्या रांगेपाशी
गाडी दोनदा खोकली
आणि बसली.
कान लावला.
आधण.

मागच्या पेटीत डबा, डब्यात बर्फ,
बर्फावर टॉवेल, टॉवेलात इन्शुलिनच्या सहा बाटल्या.
एवारिस्तोच्या.
त्याच्या उजव्या पायाचा अंगठा गेल्या वर्षी गेला.
त्याचं घर अजून एकवीस किलोमीटर.

बर्फ होता दोन मुठी.
त्यातली एक नळीवर दाबली असती
तर पाच मिनिटांत निघाले असते.
हात डब्यात गेलासुद्धा.
बोटांना तळाशी पाणी लागलं,
पेरभर, वितळलेलं,
सकाळपासूनच्या माझ्या उशिराचं माप.

बर्फ राहू दिला. पाणी घेतलं.
गळ्यातला रुमाल त्यात बुडवला
आणि टाकीपासून कार्बुरेटरपर्यंत नळीला गुंडाळला.
गाडी ढकलत कार्दोनच्या आडोशाला नेली.
सावली जेमतेम गाडीपुरती होती,
म्हणून टाकी सावलीत, डबा सावलीत,
मी उन्हात.
रुमाल वाळला. माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं.
पुन्हा वाळला. तेही संपलं.
एक गिधाड खाली आलं,
नीट बघून गेलं.

पाऊण तासानं कान लावला.
रडून रडून झोपलेल्या पोरासारखं
आत सगळं गप्प,
मधूनच एखादा हुंदका.
झाकण पाव वळसा फिरवलं. सुस्कारा आला, बारीक.
मग किक.
किक.
सातव्या किकला ती धरली
आणि मी घरापर्यंत पाय टेकला नाही,
शेळ्या आडव्या आल्या तरी.

एवारिस्तो दारातच होता, काठी घेऊन.
त्यानं डब्याकडे पाहिलं नाही.
वाकला, कष्टानं,
आणि टाकीला कान लावला.
"अर्धीच घेऊन निघालीस," म्हणाला.
मी उत्तर दिलं नाही. माझं डोकं पाण्याच्या पिंपात होतं.

बाटल्या गार होत्या.
त्याच्या बायकोनं कॉफी टाकली.
पुडी त्यानं तिच्या हातून मागून घेतली,
शिवणीवरून सावकाश उसवली,
मांडीवर सपाट केली,
आणि घडी घालून
माझ्या खिशात सरकवली.