दुसरी वाटी

चोच दिली त्याने चारा दिला, कबूल.
पण तो नेमका कुठे ठेवायचा
हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही,
निदान चिलोए बेटावर तरी नाही,
जिथे पाऊस वरून पडतो, आडवा येतो,
आणि कधीकधी जमिनीतूनच वर चढतो.

पहिल्यांदा मी डबा दाराशी ठेवला.
भरायला सोपा. माशांच्या कारखान्यातली
रात्रपाळी संपवून यायचं,
बूट न काढता हात घालून मका ओतायचा.
एर्सिलिया म्हणाली, "नोल्बेर्तो,
ही सोय कोंबड्यांची की तुझी?"
दोन दिवसांत मका भिजून आंबला.
कोंबडा तेवढा खूश.

मग आत, बसायच्या दांडीखाली. कोरडी जागा.
सकाळी पाहतो तर रात्रभर वरून
अकरा जणींनी आपापलं मत नोंदवलेलं.

तिसऱ्यांदा तिने मला बोलूच दिलं नाही.
तुळईला जाळ्याची जुनी दोरी बांधून
डबा टांगला, कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर.
त्याहून खाली, तर उकरून उधळतात.
त्याहून वर, तर माना ताणून दमतात.
पाणी पलीकडे, दोन विटांवर, सावलीत.
"इतकं लांब?"
"चालू देत की चार पावलं.
चोचीतलं पीठ पाण्यात नको."
आणि रात्री दोन्ही उचलून घरात,
उंदरांना पंगत कोण वाढणार.

मला वाटलं, झालं. संपलं.

करडी नंतर लक्षात आली.
मानेवर पिसं नाहीत, तुरा एका बाजूला कललेला.
डब्याजवळ गेली की कुणीतरी टोचायचं,
फार जोरात नाही, आठवण करून देण्यापुरतं.
मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची,
जणू फळ्यांवर वाचण्यासारखं काही लिहिलंय.
डबा काठोकाठ,
आणि तिच्या गळ्याची पिशवी हाताला रिकामी लागायची.

त्याच हिवाळ्यात यास्ना आली,
माझ्या भावाची मुलगी, पुंता अरेनासहून,
एक बॅग आणि कुणाचा तरी मोठ्या मापाचा कोट.
टेबल आमचं लांबलचक. पातेलं भरलेलं.
चार पोरं कोपरं पसरून बसतात,
वाईट नाहीत, पण जेवतात आवाजाने.
ती म्हणायची, भूक नाही.
मी म्हणायचो, लाजू नकोस, घे की,
आणि सगळे चेहरे एकदम तिच्याकडे वळायचे.

एर्सिलिया काही म्हणाली नाही.
अंगणात माझ्या बापाची होडी पालथी पडलीय,
तिच्या आडोशाला तिने दुसरी वाटी ठेवली,
शेजारी टवका गेलेला पाण्याचा वाडगा.
डब्याजवळून दिसणार नाही अशी.
पहिल्या दिवशी करडी फिरकली नाही.
तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी.
उंदीर असेल, मी म्हणालो.

आणि संध्याकाळी चुलीमागच्या बाकावर,
जिथे लाकडं वाळत असतात,
एक झाकलेली ताटली.
धाकट्याने विचारलं, ही कोणाची?
"तू पाणी भरून आण," एर्सिलिया म्हणाली.

अंतर मी मागाहून मोजलं, उगाच,
टेबल ते बाक, डबा ते होडी.
आकडे जुळले नाहीत. हिशेब एकच होता:
टोचायला कुणी पोहोचणार नाही इतकं लांब,
बाकीच्यांचा गलका ऐकू येईल इतकं जवळ.

ऑक्टोबरात होडीखाली अंडं सापडलं,
निळसर, आमच्याकडे असतात तसलं.
यास्नाने ते आणून टेबलावर ठेवलं.
टेबल उतरतं आहे, मीच केलेलं.
अंडं घरंगळू नये म्हणून
त्यावर हात तसाच धरून ती बसली,
पोरांच्या कोपरांमध्ये, बराच वेळ.

ताटली त्या दिवशीही बाकावर होती.
एर्सिलियाने ती हलवली नाही.