पाव फेरा

काचेला भोक पाडताना
जमीर शिकलगार कुणाशी बोलत नाही.
गणपती करून उरलेल्या शाडूचं आळं
त्यानं काचेवर घातलं, वाटीएवढं,
आत भांडंभर पाणी,
आणि हिऱ्याच्या कडेचा बिट तिरका धरून
असा टेकवला
की बाळाच्या टाळूवर तेल घालतोय.
पाणी दुधाळ झालं.
बाहेर गंगावेशीत म्हशी
कट्ट्याकडं निघाल्या होत्या, धारेला.
मशीन थांबलं तेव्हा
रुपयाहून मोठी काचेची चकती
त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.
मी ती खिशात टाकली. कशाला, माहीत नाही.

तीस वर्षं मी महापालिकेच्या पाण्यात.
रात्री दोनला रस्ता उकरून
मांडीएवढ्या चिखलात
ताग ठोकलाय, शिसं ओतलंय,
पान्ह्याला पाइप लावून, त्यावर दोघांनी लोंबकळून
नट असा आवळलाय
की माझ्या बापालाही सुटू नये.
साहेब वरून बॅटरी मारायचे, 'भागलं न्हवं?'
'भागलं.'
थोडं झिरपायचंच.
शहराच्या हिशोबात त्याला एक रकाना होता.

इथं रकाना नाही.
चार फुटी टाकी, राजारामपुरीत, भाचीच्या दवाखान्यात.
खाली इन्व्हर्टर, शेजारी दात काढायची खुर्ची,
कोपऱ्यात बादलीत अकरा मासे
ताटलीखाली वाट बघत.
नूतन म्हणाली, 'मामा, पेशंटनी मासे बघायचेत,
फरशी पुसणारी बाई नव्हे.'

मी बल्कहेड बसवला.
आट्यांवर टेफ्लॉन, तीन वेढे, आट्यांच्याच दिशेनं.
रबर नटाकडून लावलं, वॉशर म्हणजे नटाखाली,
हे काय कुणी शिकवायचं.
आणि पान्हा.
हात आपोआप गेला, जसा कपाळावरच्या घामाकडं जातो.
काच काहीतरी बारीक बोलली.
मी थांबलो. पण उशिरा थांबलो.

रात्री पाणी भरून खाली पेपर अंथरला
आणि फरशीवर आडवा झालो.
नळ, कोपरा, जोड — सगळं कोरडं.
एक वाजला. कोरडं.
दोनला
जुन्या सवयीनं जाग आली
आणि बॅटरीच्या उजेडात
बाजारभावाच्या पानावर
गुळाचा दर ओला झालेला.

एक थेंब. मोजून बारा मिनिटांनी दुसरा.
कॉर्पोरेशनात याला कुणी गळती म्हणालं नसतं.
मी मात्र उठून बसलो,
चोरी पकडल्यासारखा.

सकाळी नूतननं
तोंडात घालायचा तो दांडीचा आरसा
टाकीमागं घातला, मान वाकडी करून बघितलं,
कीड बघतात तसं.
'मामा, रबर उलट्या बाजूला आहे.
टोपीकडून हवं, आतनं. आणि इतकं पिळलंय
की बाहेर आलंय जिभेसारखं.'
मी काही बोललो नाही.
मग तीच हळू म्हणाली,
'आम्ही जबड्यात स्क्रू घालतो ना, तो मोजून आवळतो.
जास्त आवळला
की हाड मरतं.'

टाकी रिकामी केली. काच चाचपली, वाचली होती.
रबर धुतलं, टोपीखाली घातलं,
नट बोटांनी फिरवला, थांबेल तिथवर.
मग पाव फेरा.
पाव म्हणजे पाव.
मनगट अजून मागत होतं. पिशवीतला पान्हा
मागत होता.
मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन
पेशंटच्या बाकड्यावर बसून राहिलो.

दुसऱ्या सकाळी पेपर कोरडा,
गुळाचा दर जिथल्या तिथं.
अकरातले दहा मासे सोडले. एक
बादलीतच गेला होता; त्याचं कुणी बोललं नाही.

घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी
रस्ता ओला. मधोमध भेगेतून
बारीक झरा, बोटभर,
बहुतेक माझाच एखादा जुना जोड.
एक कुत्रं लपलप पीत होतं.
कुणालातरी फोन करायला हवा होता.
खिशात मोबाइल शोधताना
ती काचेची चकती बोटाला लागली,
कडा अजून खरखरीत.
कुत्र्याचं पिऊन होईपर्यंत
मी सायकल धरून उभा राहिलो.